जहाजाचा कठडा

नोकरीची पहिली आठ वर्षं मी एका कठड्याच्या भरवशावर कागद करत होते, आणि तो कठडा मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

फ्रेट फॉरवर्डरच्या, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी धाडायची व्यवस्था करणाऱ्याच्या, ऑफिसात माझं टेबल डॉक्युमेंटेशनचं. माल विकणारा एका देशात, घेणारा दुसऱ्या देशात, जहाजावर झेंडा तिसऱ्याच देशाचा आणि विमा उतरवलेला चौथीकडे. यांतलं कुणी कुणाला भेटलेलं नसतं, बहुधा भेटणारही नसतं. त्यांच्यामध्ये असतात ते आमच्यासारख्यांनी केलेले कागद आणि त्या कागदांवरचे तीन-तीन अक्षरांचे शब्द. एफओबी. सीआयएफ. एफसीए. रुजू झाले त्या दिवशी हातात एक तक्ता पडला होता, प्रत्येक शब्दापुढे एकेक ओळ. एफओबी, म्हणजे फ्री ऑन बोर्ड, यापुढे लिहिलं होतं की माल जहाजाचा कठडा ओलांडेपर्यंत धोका विकणाऱ्याचा, त्यानंतर घेणाऱ्याचा. पाढे पाठ करावेत तसं मी ते पाठ केलं. तो कठडा केवढा उंच, माल तो ओलांडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चित्र मात्र आपोआप तयार झालं होतं. क्रेनच्या दोराला लटकलेली पेटी. धक्क्यावरून उचलली जाते, वर जाते, मग आडवी सरकते. खाली धक्का आणि जहाज यांच्यामधली पाण्याची काळी पट्टी. दोर तुटला आणि पेटी कठड्याच्या अलीकडे पडली तर नुकसान एकाचं, पलीकडे पडली तर दुसऱ्याचं. हवेत कुणीतरी रेघ ओढून ठेवली आहे आणि तिच्या दोन बाजूंना दोन माणसं श्वास रोखून उभी आहेत.

पुढे कळलं की असं खरोखर घडलेलं आहे, आणि त्याचा निकाल जहाजी कायदा शिकणारा प्रत्येक जण वाचतो. लंडनच्या गोदीत एक आगीचा बंब जहाजावर चढवत होते. बंब भारत सरकारने एफओबी अटीवर विकत घेतलेला, जहाज सिंदिया कंपनीचं. जहाजाच्याच यारीने तो उचलला आणि कठडा ओलांडण्याआधी तो निसटून खाली पडला. दुरुस्तीचा खर्च ९६६ पौंड. विकणाऱ्या पायरीन कंपनीने तो जहाजवाल्यांकडे मागितला. जहाजवाले म्हणाले, आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आमची जबाबदारी २०० पौंडांपुरतीच. बंबाने कठडा ओलांडलेलाच नव्हता, मग ते नियम लागू होतात की नाही, यावर वाद रंगला. १९५४ साली न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी जहाजवाल्यांच्या बाजूने निकाल दिला, कारण माल चढवणं हे एकच सलग काम आहे, त्याचे कठड्यापाशी दोन तुकडे पाडता येत नाहीत. यारीच्या टोकाला माल झुलतोय आणि कठड्यातून उभ्या काढलेल्या काल्पनिक रेषेच्या अलीकडे-पलीकडे जबाबदाऱ्याही झुलतायत, हे दृश्य समाधानाने पाहायला माणूस फारच उत्साही वकील असावा लागेल, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य आहे. ते वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. माझ्या मनातलं चित्र एका न्यायाधीशाच्याही मनात होतं.

तरी ती रेषा पुसायला आणखी ५६ वर्षं लागली. पॅरिसची आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळी, आयसीसी, १९३६ सालापासून हे तीन अक्षरी शब्द ठरवून देते. त्यांना इनकोटर्म्स म्हणतात. २०१०च्या आवृत्तीत कठडा गेला. ती आवृत्ती १ जानेवारी २०११ला लागू झाली, आणि तेव्हापासून माल जहाजावर ठेवला गेला की धोका पलटतो. माझ्या टेबलावरचा तक्ता बदलला. जुना मी फेकला नाही.

लोकांना वाटतं की हे शब्द दराचे आहेत. एफओबीचा भाव अमुक, सीआयएफचा तमुक. दर त्यात आहेच, पण मला हे शब्द आधी भांडणाचे वाटतात. भांडण होण्याआधीच कुणीतरी बसून ठरवलंय की ते कुठे थांबायचं. समुद्रात काय होईल याचा भरवसा नाही, समोरचा माणूस कसा आहे माहीत नाही, मग निदान एवढं तरी ठरवू की अमुक जागेपर्यंत झोप तुझी उडेल आणि तिथून पुढे माझी.

आणि ही जागा चुकली की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

एफओबी हा शब्द पोत्यांच्या, पेट्यांच्या, पिंपांच्या काळातला. माल धक्क्यावर आणायचा आणि तिथून थेट जहाजावर चढवायचा. कंटेनर आल्यावर हे चित्र बदललं. कंटेनर जहाज येण्याच्या कितीतरी आधी यार्डात सोपवावा लागतो. गेटमधून आत गेला की विकणाऱ्याचा त्याच्यावर ताबा राहत नाही, त्याला तो दिसतही नाही. पण अट एफओबी असेल तर धोका त्याच्याच डोक्यावर, जहाजावर चढेपर्यंत. म्हणून आयसीसी स्वतःच सांगते की कंटेनरच्या मालाला एफओबी लिहू नका, एफसीए लिहा, म्हणजे वाहतूकदाराच्या हाती माल दिला की धोका संपला. सांगते, आणि तरीही कंटेनरच्या मालाला एफओबी सर्रास लिहिलं जातं. वडिलांच्या वेळेपासून तेच लिहीत आलोय, बँकेला तेच कळतं, समोरचा तेच मागतो.

एक कापड उत्पादक होते. पहिलीच मोठी परदेशी ऑर्डर. करारात एफओबी होतं. मी पाहिलं, मनात आलं की हे एफसीए हवं, आणि पुढच्या फाइलला हात घातला. जहाजाला उशीर झाला. यार्डात तीन दिवस पाऊस, पाणी तुंबलं, आणि त्यांचा खोका नेमका सगळ्यात खालच्या थरात उभा. तळाच्या गठड्या भिजल्या. घेणाऱ्याने कळवलं, माल अजून जहाजावर चढलेला नाही, म्हणजे तो तुमचाच. त्यांचा फोन आला. “ताई, मी तर माल गेटवर सोपवलाय. पावती आहे माझ्याकडे.” पावती खरी होती. त्यांचं म्हणणंही कुठल्याही सरळ माणसाला पटेल असं होतं. घेणाऱ्याचा विमा जहाजावर चढल्यापासूनचा, आणि गेट ते जहाज या टप्प्याचा विमा त्यांनी काढलेलाच नव्हता, कारण हा टप्पा आपला आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. कायद्याने माझ्यावर काहीही येत नव्हतं, करार त्यांचा होता. पण ती तीन अक्षरं त्यांच्याआधी माझ्या डोळ्यांखालून गेली होती. त्या दिवसापासून कंटेनरच्या कागदावर एफओबी दिसलं की मी फोन उचलते. काही जण वैतागतात. वैतागू देत.

सीआयएफची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथेही लोक याच खड्ड्यात पडतात. किंमत, विमा, भाडं, तिन्ही विकणाऱ्याने भरायचं, तेही पोचण्याच्या बंदरापर्यंतचं. साहजिकच घेणाऱ्याला वाटतं, माल आपल्या बंदरात उतरेपर्यंत काळजी त्याची. तसं नाही. खर्च तिथपर्यंतचा त्याचा, धोका मात्र निघण्याच्या बंदरातच पलटलेला असतो. पैसा एका बंदरात थांबतो, जोखीम दुसऱ्याच बंदरात. हे ज्याला एकदा कळलं त्याला या धंद्यातलं निम्मं कळलं, असं आमचे साहेब म्हणायचे.

उरलेलं निम्मं बिल ऑफ लेडिंगमध्ये आहे. आम्ही नुसतं बीएल म्हणतो. वाहतूक कराराचा पुरावा, माल मिळाल्याची पावती आणि मालावरच्या हक्काचा दस्त, असं तिहेरी काम एक कागद करतो. यातलं तिसरं मला आजही अद्भुत वाटतं. हजारो टन माल समुद्रात चाललेला असताना एक माणूस टेबलावरून कागद सरकवतो, मागच्या बाजूला सही करतो आणि त्या क्षणी मालाचा धनी बदलतो. एकाच सफरीत तो चार वेळाही बदलू शकतो. जहाजाला याचा पत्ता नसतो. ते आपलं चाललेलं असतं. हुंडी ज्यांनी हाताळली त्यांना हा कागद कळायला वेळ लागणार नाही. सही, ताबा आणि शब्दाची किंमत, याच तीन गोष्टींवर दोन्ही उभे आहेत.

या कागदाच्या मूळ प्रती बहुधा तीन काढतात, आणि त्यावर छापलेलं असतं की यातल्या एकीवर माल सोडला की उरलेल्या रद्द. तीन का? टपाल जहाजांवरून जायचं तेव्हाची ही सवय. एक प्रत बुडाली, एक वाटेत हरवली, तरी तिसरी पोचावी. आता उलटं झालंय. जवळच्या सफरीत जहाज आधी पोचतं आणि कागद बँकांतून फिरत मागून येतो. मग मूळ प्रती निघण्याच्या बंदरातच परत घ्यायच्या आणि पलीकडच्या ऑफिसला माल सोडायचा निरोप द्यायचा. त्याला टेलेक्स रिलीज म्हणतात. टेलेक्सची यंत्रं कधीच बंद झाली, आमच्या ऑफिसातल्या निम्म्या मुलांनी ते यंत्र पाहिलेलंही नाही, निरोप ईमेलने जातो, पण नाव टेलेक्सच. ब्रिटनने २०२३ साली कायदा करून संगणकातल्या बीएललाही कागदाचा दर्जा दिला. हळूहळू सगळीकडे तसं होईल. मला त्याचं दुःख नाही. शनिवारी रात्री कुरियर चुकला म्हणून जीव टांगणीला लागण्याचे प्रसंग मी पुष्कळ काढलेत.

मला भावतात ते बीएलवरचे दोन वाक्प्रयोग. एक, माल ‘दिसायला’ चांगल्या स्थितीत मिळाला. हे ‘दिसायला’ फार विचाराने घातलेलं आहे. कप्तान म्हणतो, बाहेरून जे दिसलं तेवढंच मी सांगतो. पोतं फाटलेलं नव्हतं, पिंप गळत नव्हतं. आत काय आहे याची ग्वाही मी देत नाही, कारण मी पाहिलेलं नाही. फाटलेलं दिसलं असतं तर त्याने तसं लिहिलं असतं, आणि मग तो बीएल ‘क्लीन’ राहिला नसता, बँकेने पैसे अडवले असते. दुसरा प्रयोग कंटेनरचा. बंद, सील केलेला खोका. कप्तानाला पत्रा दिसतो, आतला एक खिळाही दिसत नाही. मग तो लिहितो ‘सेड टू कन्टेन’, म्हणजे आत अमुक असल्याचं सांगितलं जातं. सांगणारा वेगळा, वाहणारा वेगळा. आपण रोज कितीतरी गोष्टी दुसऱ्याच्या सांगण्यावरून पुढे सांगतो, आणि सांगताना आपलं-परकं वेगळं ठेवत नाही. या कागदाने ते वेगळं ठेवलं.

सांगण्यावर विसंबण्याची किंमत मात्र समुद्र वसूल करतो. २००७च्या जानेवारीत एमएससी नापोली हे जहाज इंग्लिश खाडीतल्या वादळात चिरलं आणि त्याला डेव्हनच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात आणून बसवावं लागलं. पुढे डेकवरच्या कोरड्या राहिलेल्या ६६० कंटेनरांची वजनं करून पाहिली. त्यातल्या १३७ जणांचं वजन कागदावरच्या वजनापेक्षा ३ टनांहून जास्त फरकाचं निघालं. १३७ जण म्हणून गेले, खोके म्हणायचं होतं, पण राहू दे. प्रत्येक खोट्या वजनामागे एक माणूस होताच, ज्याने आकडा लिहिताना काटा पाहिला नव्हता. १ जुलै २०१६ पासून नियम आला की तपासलेल्या वजनाचा दाखला असल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवायचाच नाही. व्हीजीएम, म्हणजे व्हेरिफाइड ग्रॉस मास. आमच्या रोजच्या कामात ही तीन अक्षरं नवी आली तेव्हा बरीच कुरकुर झाली. मी केली नाही.

वजनावरून आठवलं. कंटेनरच्या दारावर ‘टेअर’ लिहिलेलं असतं, म्हणजे रिकाम्या खोक्याचं वजन. आपल्याकडे मालाचं वजन करताना पोत्याचं, डब्याचं वजन वजा करतात ते बारदान. ‘टेअर’ हा शब्द अरबीतून निघालेला, मूळ धातूचा अर्थ टाकणं, टाकून देणं, आणि त्याच धातूतून फिरत फिरत मराठीत ‘तऱ्हा’ आली. भाड्याच्या दरपत्रकाला ‘टॅरिफ’ म्हणतात, तोही अरबीच. जाहीर करणं, ओळख करून देणं असा त्याचा मूळ अर्थ, आणि आपण कुणाची ‘तारीफ’ करतो तो त्याचा सख्खा भाऊ. ‘टन’ तर सरळ दारूच्या पिंपावरून आला. जहाजात किती पिंपं मावतात यावरून त्याचा आकार सांगायचे. म्हणूनच जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ आजही वजन सांगत नाही, पोटात किती जागा आहे ते सांगतं. जहाज किती वजन वाहू शकतं ते सांगायला ‘डेडवेट’ हा वेगळा शब्द आहे. नवी मुलं इथे हमखास गोंधळतात, आणि गोंधळ व्हावा असंच ते आहे.

कंटेनरचं मोजमाप त्या मानाने सोपं. वीस फुटी खोका म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन. २६ एप्रिल १९५६ रोजी, कंटेनर वाहतुकीची सुरुवात करणाऱ्या माल्कम मॅक्लीन यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज नुआर्कहून ह्यूस्टनला निघालं तेव्हा त्यावर ५८ खोके होते. आजच्या सगळ्यात मोठ्या जहाजांवर २४,००० टीईयूंहून जास्त मावतात. आकडे सगळीकडे वाचायला मिळतात. मला आवडते ती एक बारीक गोष्ट. वीस फुटी खोका वीस फुटांचा नसतोच. तो १९ फूट साडेदहा इंचांचा असतो. दोन खोके चाळीस फुटांच्या जागेत एकामागे एक ठेवायचे तर मधे तीन इंचांची फट हवी, म्हणून प्रत्येकाने दीड-दीड इंच सोडलाय. शेजाऱ्यासाठी जागा सोडणं हे मापातच धरलेलं आहे.

सगळ्या शब्दांत माझा सगळ्यात आवडता शब्द दिसायला अगदी रुक्ष आहे. जनरल ॲव्हरेज.

एका ग्राहकाचा कंटेनर ज्या जहाजावर होता त्याच्या पोटात आग लागली. ती विझवायला पाणी मारलं, पाण्याने दुसऱ्यांचा माल खराब झाला, जहाज वाचलं. याच्या खोक्याला झळही लागली नव्हती. तरी पत्र आलं की हमीपत्र आणि विमा कंपनीची गॅरंटी दिल्याशिवाय माल सुटणार नाही. ते चिडून ऑफिसात आले. “माझ्या मालाला काही झालेलं नाही, मग मी का द्यायचं?” मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, काही झालेलं नाही, म्हणूनच.

जहाज, त्यावरचा सगळा माल आणि भाडं, हा सागरी कायद्याच्या दृष्टीने एका सफरीपुरता एक संसार. सगळ्यांवर एकदम संकट आलं आणि सगळ्यांना वाचवण्यासाठी कप्तानाने जाणूनबुजून काही गमावलं, माल समुद्रात फेकला, पाणी मारलं, जहाज मुद्दाम वाळूवर चढवलं, तर ते नुकसान ज्याचं झालं त्याचं एकट्याचं नाही. जे जे वाचलं त्याच्या किमतीच्या प्रमाणात सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं. हा नियम ऱ्होड्स बेटावरच्या दर्यावर्दींचा म्हणून ओळखला जातो. सम्राट जस्टिनियनच्या काळात, इसवी सन ५३३ मध्ये जो रोमन कायद्याचा संग्रह झाला, त्यात तो नोंदलेला आहे : सगळ्यांसाठी जे दिलं गेलं ते सगळ्यांनी मिळून भरून द्यावं. आज हे वाटप यॉर्क-अँटवर्प नियमांप्रमाणे होतं. त्यातली एक बाजू ग्राहकाला सांगितली तेव्हा ते गप्प झाले. ज्याचा माल फेकला गेला त्याला भरपाई मिळते, पण पूर्ण नाही. त्यालाही आपल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटा उचलावाच लागतो. नाहीतर ज्याचा माल फेकला तो एकटाच सगळ्यांत सुखी ठरला असता. कुणाचं काय फेकायचं हे ठरवताना कप्तानाचा हात कचरू नये, आणि कुणाला आपलंच का फेकलं असं वाटू नये, म्हणून सगळ्यांना एका पातळीवर आणून ठेवलंय.

२३ मार्च २०२१ला ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवसांनी सुटलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच्या मालकांनी नंतर जनरल ॲव्हरेज जाहीर केला. जहाजावर सुमारे १८,००० कंटेनर. त्यातल्या काही खोक्यांत तर कितीतरी जणांचा माल. शेकडो वर्षांपूर्वी गलबतावरच्या दहा-पाच व्यापाऱ्यांनी जे आपसात केलं असेल ते इतक्या हजारांना, एकमेकांची नावंही माहीत नसताना, करावं लागलं.

आणि ‘ॲव्हरेज’ हा शब्द. आपण शाळेत सरासरी काढतो ना, तोच. अरबीत खराब झालेल्या मालासाठी एक शब्द होता, तो इटलीच्या बंदरांतून ‘आव्हारिया’ होऊन युरोपात पसरला, आधी नुकसान, मग नुकसानीचा वाटा, मग वाट्याचं समान वाटप, आणि शेवटी नुसतीच गणितातली सरासरी. फळ्यावर लिहिलेल्या पाच आकड्यांची बेरीज करून पाचाने भागणाऱ्या मुलाला काय कल्पना, की हा भागाकार मुळात समुद्रात फेकलेल्या मालाचा आहे! हे मला कळलं ती संध्याकाळ आठवते. घरी जाताना मी मनातल्या मनात तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते.

याच्या उलट स्वभावाचा शब्द म्हणजे डेमरेज. फ्रेंचमधल्या रेंगाळणं, थांबून राहणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. धान्य, कोळसा, खनिज नेणारं आख्खं जहाज भाड्याने घेतलं की माल चढवायला-उतरवायला ठराविक वेळ मिळतो, तो लेटाइम. जहाज पोचलं, तयार आहे, अशी कप्तान नोटीस देतो आणि घड्याळ सुरू होतं. पावसाने काम थांबलं तर करारात लिहिलं असल्यास तेवढा वेळ वजा. तासातासाची, मिनिटामिनिटाची नोंद ठेवतात. दिलेला वेळ संपला की डेमरेज, म्हणजे उशिराची भरपाई, लागतं, आणि मग ते जुनं वचन : एकदा डेमरेज, की कायम डेमरेज. आता पाऊस पडला तरी घड्याळ थांबत नाही, सुट्टी आली तरी थांबत नाही. दिलेल्या मुदतीत आटपलं असतं तर हा पाऊस आडवाच आला नसता, असा त्यामागचा विचार. कडक आहे, पण अन्यायाचा वाटत नाही मला. कंटेनरच्या धंद्यातलं डेमरेज आणि डिटेन्शन याबद्दल मात्र मी असं म्हणू शकत नाही. यार्डातून खोका सोडवायला उशीर झाला तर डेमरेज, रिकामा परत करायला उशीर झाला तर डिटेन्शन, आणि कित्येकदा उशीर होतो तो गर्दीमुळे, संपामुळे, परत घ्यायला जागाच नसल्यामुळे. ज्याच्या हातात काही नाही त्याच्या नावाने दिवस मोजले जातात. अशी बिलं पुढे पाठवताना मला आजही जड जातं.

जहाज एक तास थांबलं तर त्याला शब्द आहे, दर आहे. त्यावरची माणसं थांबली तर? २०२०च्या शेवटाकडे सुमारे ४,००,००० खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकून होते, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं सांगितलं होतं. देशांनी दारं बंद केली होती, बदली माणसं पोचत नव्हती. आम्ही घरून काम करत होतो, माल पोचत होता, कागद निघत होते. सलग १२ महिन्यांच्या आत माणसाला घरी पाठवायचं असं सागरी कामगार करारात आहे, तो मोडत होता. माझ्या तक्त्यात किती शब्द आहेत ते मी त्या दिवसांत मोजून पाहिले. त्यात जहाजाची वाट पाहणं, मालाची वाट पाहणं, खोक्याची वाट पाहणं, या सगळ्यांना नावं सापडली. त्या माणसांच्या वाट पाहण्याला सापडलं नाही.

जहाजावर मी पहिल्यांदा पाय ठेवला तो नोकरीच्या चौदाव्या वर्षी. एका कामासाठी सही घ्यायची होती. हेल्मेट, पिवळं जाकीट, गँगवेवर नोंदवही. वर पोचल्याबरोबर मी आधी कठड्याला हात लावला. कमरेच्या जरा वर येणारा, लोखंडी, रंगावर रंग चढून जाड झालेला, मधे मधे गंजाने फुगलेला. समोर गँट्री क्रेन काम करत होती. खोका धक्क्यावरून उचलला गेला, वर वर गेला, कठड्याच्या कितीतरी वरून, आठ-दहा मजले उंचावरून आला आणि डेकवर उतरला. कठड्याच्या आसपासही तो फिरकला नाही. ज्या रेघेवरून इतकी भांडणं झाली तिच्याकडे तिथे कुणाचं लक्षही नव्हतं. एक खलाशी कठड्याला पाठ टेकून चहा पीत होता.

सेकंड ऑफिसर माझ्यासोबत होता. आम्ही दोघंही परक्या भाषेत बोलत होतो, जपून. घरून निघून त्याला सात महिने झाले होते. त्याने विचारलं, तुम्ही कागद करता, मग यातले कुठले खोके तुमचे? मी फाइल उघडली. आमचा एकच होता, वीस फुटी. त्याने जागेचे सहा आकडे पाहिले. बे २९, विषम, म्हणजे वीस फुटीच. रो ०४, म्हणजे मध्यरेषेच्या डाव्या हाताला. टिअर ८२, म्हणजे डेकवरचा पहिला थर. “हाताला लागेल,” तो म्हणाला, आणि खोके बांधून ठेवणाऱ्या लॅशिंगच्या सळयांमधल्या अरुंद वाटेने मला घेऊन गेला.

खोका इतर खोक्यांसारखाच होता. एका कोपऱ्यात पोचा पडलेला. तो नंबर मोठ्याने वाचू लागला आणि मी कागदावर बोट फिरवत गेले. चार अक्षरं, सहा आकडे, आणि शेवटी चौकटीतला तपासणीचा आकडा, आधीचं काही चुकलं असेल तर ओळखू यावं म्हणून असतो तो. सगळं जुळलं.

“आत काय आहे?”

मी बीएलवरची ओळ वाचून दाखवली. सांगितल्याप्रमाणे १,१४० खोकी, लोखंडी बिजागऱ्या आणि कड्या.

“कशाच्या?”

“दारांच्या. घरांच्या दारांच्या.”

त्याने मान हलवली. मग बोटांच्या पेरांनी पत्र्यावर दोनदा टकटक केली, आणि आम्ही सहीसाठी वर निघालो.